आतोबांचा हुंकार

आमच्या पिकअपचे सस्पेन्शनचे आर्म मी स्वतः बदलले! चाकं धरून ठेवणारे जुने पोलादी दांडे गंजून खपल्या धरलेले. नवे ॲल्युमिनियमचे, हलके, नवरदेवासारखे चकचकीत!

"पोलाद आधी वाकून दाखवतं," मेकॅनिक म्हणाला. "हे सांगून मोडत नाही."

"जळतोस तू!" मी म्हणालो.

पहिल्याच खेपेला आत्याचं सामान आणायचं होतं. आतोबा गेल्यापासून ती एकटी. आता आमच्याकडे राहायला येणार होती. मागे आतोबांचं भलंमोठं कपाट बांधलं, आत्याला शेजारी बसवलं आणि निघालो. वाटेत भरदुपारी असं धुकं दाटलं की बॉनेटपुढचं जगच पुसलं गेलं. गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. चिटपाखरूही नाही.

आणि मागून आवाज आला. "हूंऽऽऽ..."

"आत्या, काही म्हणालीस?"

"मी नाही, हे म्हणाले."

"हे कोण?"

"अरे, तुझे आतोबा! कपाटात आहेत." ती मागे वळली. "अहो, गारठा बाधतोय का?"

"हूंऽऽ..."

माझी बोबडीच वळली! आत्या मात्र किती दिवसांनी हसली.

"मी भाच्याकडे राहिले तर चालेल ना?"

मग गाडी हळूच एका अंगाला कलली. "हूंऽऽऽ!"

मी दार उघडून धुक्यात धूम ठोकली, आणि गोल फिरून पुन्हा गाडीवरच आदळलो!

धुकं विरल्यावर थेट गॅरेज गाठलं. मेकॅनिक गाडीखाली शिरला.

"चाकं हवेत असतानाच आर्मचे बोल्ट आवळलेस ना? सांध्यांतले रबरी बूश पिळून बसलेत. वजन पडलं की कण्हतात. दोष ॲल्युमिनियमचा नाही, तुझा!"

त्याने बोल्ट सैल केले, गाडी चाकांवर उभी करून पुन्हा आवळले. आवाज बंद! मी सुटकेचा श्वास सोडला.

आत्याने कपाटावर हात ठेवला. "अहो?"

काही नाही.

"रागावलात का हो?"

तिचा चेहरा मला बघवेना. मी गाडीच्या पलीकडे जाऊन खाली वाकलो. "हूंऽऽ..."

"अगं बाई! आवाज बसला की यांचा!" आत्या म्हणाली.

आता कपाट तिच्या खोलीत असतं आणि रोज संध्याकाळी खिडकीबाहेर मी. काल तर नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं. चूक माझीच निघाली!