खोताच्या तिसऱ्या वरातीचा नवस

सुगंधाबाईंनी खोताची मिशी स्वतःच्या हाताने करायला घेतली, तेव्हा नाट्यमंडळाचे अध्यक्ष धोंडूकाका पडवीत येऊन बसले आणि चहासुद्धा घेईनात.

"बाईमाणसान गाऱ्हाणा घालूचा नसता, सुगंधा."

"देवळात खंय घालतंय, काका? फार्सात घालतंय."

फार्स म्हणजे 'खोताची तिसरी वरात'. गावच्या पंतोजींनी तो १८८६ साली लिहिला, म्हातारपणी बोहल्यावर चढू पाहणाऱ्या खोताची टर उडवायला. त्यात खोत नवरी मिळावी म्हणून ग्रामदेव रवळनाथाला गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळ्यांसमोर मोठ्याने साकडं घालतो, आणि नवस बोलतो. पंतोजी पडले घाटावरचे. गाऱ्हाणं कानावर पडलं की इथल्या माणसाच्या तोंडून "व्हय म्हाराजा" आपोआप निघतं, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? आणि चारचौघांनी 'व्हय' म्हटलं की शब्द देवाच्या पदरात पडला. मग बोलणाऱ्याच्या तोंडाला रंग असो नाहीतर नसो.

पहिल्याच प्रयोगात खोत झालेला गडी विहिरीकडचे माड देवाला बोलला. प्रेक्षक "व्हय म्हाराजा" म्हणाले, नट मटकन खाली बसला, पडदा पडला आणि सकाळी देवस्थानची माणसं त्या गड्याच्याच माडांचे नारळ उतरवायला हजर. १९३१ साली शहाण्यांनी नवसात माडांच्या जागी तंबाखू घातली. त्या खोताने मरेपर्यंत नुसती सुपारी चघळली. १९७४ साली सुगंधाबाईंचे वडील लवू मास्तर खोत झाले. ऐन वेळी ते गडबडले आणि मासे सोडतो म्हणून बसले. पुढे चाळीस वर्षं त्या माणसाने शेजारच्या बांगड्याच्या वासावर डाळभात गिळला. तिन्ही वेळा प्रयोग तिथेच मोडला. शेवटचा प्रवेश गावात कोणीच पाहिलेला नव्हता.

"बाबांका शेवट बघूचो होतो," सुगंधाबाई म्हणाल्या. "तेंका गावलो नाय. मी करून दाखवतलंय."

यंदा मंडळाने जत्रेचा फलक रंगवून टाकला आणि मग खोत मिळेना. एकाचा घसा बसला, दुसऱ्याला मुंबईचं काम निघालं, मंडळातल्या तरण्या सर्वेशने तर कोणी विचारायच्या आधीच गुडघ्याचा एक्स-रे दाखवला.

"मगे तुमी व्हया खोत," सुगंधाबाईंनी सुचवलं.

धोंडूकाकांनी मुकाट चहा घेतला. जाताना मात्र फार्साच्या वहीतलं नवसाचं वाक्य लाल पेनाने खोडून गेले.

जत्रेच्या दिवशी तिन्हीसांजेला सुगंधाबाई धोतर नेसून, मिशी लावून उभ्या राहिल्या. नवस खोडला होता. गाऱ्हाणं कोणी खोडलं नव्हतं. त्यांनी हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, आज तुझ्या लेकरांनी जो काय फार्स मांडलेलो आसा..."

"व्हय म्हाराजा." पहिला आवाज धोंडूकाकांचाच. देवळात तीस वर्षं तेच पहिला होकार देत आले होते.

"तो दर वर्सा शेवटपर्यंत होवंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि तेतलो खोत बाईमाणसानच करूंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हा..."

धोंडूकाकांनी तोंडावर हात दाबला, पण मागचे तीनशे लोक वाक्य पुरं करून मोकळे झाले होते.

या खोताचं काहीच गेलं नव्हतं, त्यामुळे पडदा पाडायचं कारण उरलं नाही. शेवटच्या प्रवेशात नवरी खोताला केरसुणीने बडवते, हे गावाला एकशे चाळीस वर्षांनी कळलं. लोक हसून लोळले. बाबांनी हे बघायला हवं होतं, असं सुगंधाबाईंना वाटून गेलं. मार मात्र त्यांनी मनापासून खाल्ला.

पडद्यामागे धोंडूकाका तणतणत आले. "ही फसवणूक आसा. नवस बोललंस तू, बांधलंस गावाक?"

"मी खंय बांधलंय? व्हय तुमी म्हटलात."

तेवढ्यात धोंडूकाकांची बायको विमलाकाकी आत आली. तिने सुगंधाबाईंच्या ओठावरची मिशी अलगद काढली, स्वतःला लावली आणि आरशात दोन्ही बाजूंनी नीट बघितलं.

"फुडल्या वर्सा खोत मी," ती नवऱ्याकडे न बघताच म्हणाली. "नवस काय बोलूचो ता ठरवलंय. तुमी फुडेच बसा."