गुंडीचं वजन एकशे ऐंशी ग्रॅम

टीं!

स्वयंपाकघरातला वजनकाटा वाजला आणि दुपारची शांतता मोडली. खरं तर त्या शांततेचाच भिंगरीच्या आईला संशय यायला हवा होता. सहा वर्षांची मुलगी घरात आहे आणि दहा मिनिटं आवाज नाही, म्हणजे एक तर ती झोपली आहे किंवा काहीतरी शिजतंय. आणि भिंगरीनं दुपारची झोप सोडून तीन वर्षं झाली होती.

"एकशे ऐंशी!" आतून आरोळी आली. "आई, गुंडीचं वजन एकशे ऐंशी! लिही!"

गुंडी म्हणजे भिंगरीची बाहुली. आजीनं उशीच्या जुन्या अभ्र्यातून शिवलेली. एक डोळा दोऱ्यानं भरलेला, दुसऱ्याच्या जागी कोटाची गुंडी. ती गुंडीही हल्ली एका धाग्यावर तग धरून होती.

आई फोन घेऊन बसली होती. सहा वर्षांनी ती कामावर परत जाणार होती. शाळेच्या पुस्तकांत चित्रं काढायचं तेच जुनं काम, खिडकीजवळचं तेच टेबल, आणि सोमवारपासून. गेले आठ दिवस ती रंगांच्या पेन्सिलींना टोकं करत होती. काहींना तर दोनदा. ऑफिसनं एकच गोष्ट मागितली होती: 'आरोग्य योजनेसाठी कुटुंबाची नोंद आज पाचपर्यंत ॲपवर करा.' नवऱ्याची झाली, भिंगरीची झाली, 'जवळचे नातेवाईक' म्हणून सासूबाईंचा नंबर टाकून झाला. शेवटी ॲपनं विचारलं, 'आणखी कोणी आहे का?' हे नेमकं भिंगरीनं खांद्यावरून वाचलं होतं.

"गुंडीचं राहू दे गं, नंतर बघू."

"मला नेहमी नंतर म्हणतेस. आता तिलापण नंतर?"

खालचा ओठ पुढे आला, तशी आई विरघळली. लिहायचं, दाखवायचं, पुसून टाकायचं. हाय काय आणि नाय काय!

जन्मतारीख? "आज," भिंगरी म्हणाली. वजन? एकशे ऐंशी ग्रॅम. दूध पिते? नाही. रडते? कधीच नाही. डोळे? "एक लटकतोय." मग एक लांबलचक पान आलं, त्याच्या तळाशी होतं: 'ही माहिती आमच्या त्रेचाळीस भागीदारांना द्यायची का?' असल्या पानांवर आईचा अंगठा डोक्याला न विचारताच 'हो'वर जातो. तसाच गेला.

पुसून टाकायचं बटण मात्र कुठेच नव्हतं.

दहाव्या मिनिटाला पहिला फोन आला. दवाखान्यातली परिचारिका होती, आणि तिला धाप लागली होती.

"ताई, बाळ श्वास घेतंय का?"

"कुठलं बाळ?"

"एकशे ऐंशी ग्रॅमचं! ताई, घाबरू नका, मी पण घाबरत नाहीये. बाळ आत्ता कुठे आहे?"

आईनं स्वयंपाकघरात पाहिलं. "काट्यावर."

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. "अहो, ती बाहुली आहे," असं आईनं चार वेळा सांगितलं. त्यावर परिचारिका अतिशय मायेनं म्हणाली, "होतं ताई असं. पहिल्या दिवशी मन मान्य करत नाही. जवळ कोणी मोठं माणूस आहे का?"

तेवढ्यात दार वाजलं. दारात मोठं माणूस होतं. सासूबाई. पायात दोन वेगवेगळ्या चपला, हातात घाईघाईत कपाटातून ओढलेली लोकरीची टोपी आणि दुलई.

"नऊ महिने!" त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या. "नऊ महिने पोटात ठेवलंस आणि मला फोनवरच्या निरोपातून कळतंय, 'अभिनंदन, आजी!'"

"आई, आपण परवाच भेटलो ना? पोट दिसलं का तुम्हाला?"

"मी चष्मा लावला नव्हता."

फोन पुन्हा वाजला. आता नवरा. तो शाळेत भूमिती शिकवतो. शिक्षकांच्या खोलीतून कुजबुजत होता.

"अगं, मला निदान सांगायचंस तरी."

"तुला सांगायचं? तुला?"

"हो, ते आहेच म्हणा," तो गोंधळला. "पण सकाळी मी निघालो तेव्हा तर काहीच... कुणावर गेलंय?"

"उशीच्या अभ्र्यावर!" असं म्हणून तिनं फोन ठेवला.

मग खोकं आलं. सर्वांत लहान मापाचे लंगोट, मोफत, 'आमच्या नव्या लाडक्या ग्राहकासाठी'. भिंगरीनं त्यातला एक लगेच गुंडीला घातला. तो गळ्यापर्यंत आला. पाठोपाठ पाळणाघराचा निरोप आला, 'गुंडी यांच्यासाठी जागा राखून ठेवली आहे.' भिंगरीच्या वेळी त्याच जागेसाठी आई आठ महिने खेटे घालत होती. तिला एकाच वेळी हसू आणि संताप आला.

चार वाजता आलेल्या फोननं मात्र दोन्ही पळालं. ऑफिसातल्या नेमणुकांच्या बाई होत्या.

"अभिनंदन हं! आम्हालाही धक्काच बसला. पण नियमाप्रमाणे बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत आईला रुजू करून घेता येत नाही. सोमवारी तुमच्या जागी दुसऱ्या बाई येतील."

"अहो, ती बाहुली आहे! फोटो पाठवते." तिनं पाठवला.

बाईंनी तो उघडून पाहिला. "मला दिसतंय हो ती बाहुली आहे," बाई अवघडून म्हणाल्या, "पण यादीत बाळ आहे. माझ्यासमोर यादी आहे. पाचला बंद होते. तोवर तुमच्या नावावरून बाळ निघालं, तर बघा."

आईला खिडकीजवळचं टेबल दिसलं आणि त्यावर कुणा दुसरीच्या पेन्सिली. तिनं ॲपवाल्यांना फोन लावला. चाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एका उत्साही मुलीचा आवाज आला.

"मॅडम, आमच्या भागीदारीचा हाच तर फायदा! तुम्ही एकदाच सांगता. मग दवाखाना वजन बघतो, लंगोटवाले माप बघतात, पाळणाघर जागा धरतं, विमावाले ऑफिसला कळवतात. कुणालाच तुम्हाला काही विचारावं लागत नाही."

"विचारलं असतं तर मी बाहुली म्हणून सांगितलं असतं!"

"तेच ना मॅडम. विचारण्यातला वेळ वाचतो."

"मग आता काढून टाका तिला."

"काढता येत नाही. त्रेचाळीस जणांचं काम तिच्यावर सुरू झालंय. हां, दुसऱ्या पालकांकडे देता येतं. कुणी आहे का घ्यायला?"

घड्याळात पाचला बारा मिनिटं होती. आईनं हताश होऊन वर पाहिलं. सासूबाई गुंडीला मांडीवर घेऊन तिचा सैल डोळा घट्ट शिवत होत्या.

"माझ्या नावावर कर," दाताने दोरा तोडत त्या म्हणाल्या. "नाहीतरी जन्माला मीच घातलीय."

"आई, तुम्ही सदुसष्ट वर्षांच्या आहात!"

"मग? यादीला काय कळतंय? आणि तू सोमवारी जायचंस. भिंगरीला मी बघते, हिलापण बघते. हिचं काही करावं लागत नाही, मोठी गुणी आहे."

पाचला चार मिनिटं असताना गुंडी आजीकडे गेली. पाचला एक मिनिट असताना ऑफिसातून निरोप आला: 'बाळ नाही. सोमवारी या.' आईनं तो तीनदा वाचला आणि मग उगाचच एका पेन्सिलीला टोक केलं.

पाच वाजून दोन मिनिटांनी सासूबाईंचा फोन वाजला. तीच परिचारिका, आता जवळजवळ रडवेली. "आजी... म्हणजे, ताई... सदुसष्टाव्या वर्षी! बाळंतपण कसं झालं हो?"

"सोपं," सासूबाई म्हणाल्या. "दोन तास आणि एक सुई."

पलीकडे पुन्हा काहीतरी खाली पडलं.

आई इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. लंगोटातल्या गुंडीला कुशीत घेऊन भिंगरी मात्र हसत नव्हती. ती फोनकडे बघत होती. ॲपवर आता आईच्या नावाखाली एकच मूल होतं. नाव, जन्मतारीख, वजन.

"आई," तिनं विचारलं, "त्या त्रेचाळीस जणांना गुंडी खरी वाटली ना? मग मी खरी आहे, हे त्यांना कशावरून कळलं?"