वामननाना आणि बोनसची अट

भाजीवालीने कोथिंबिरीची जुडी फुकट दिली की माणूस खूश होतो. आमचे शेजारी वामननाना जुडी हातात धरून आपल्या अहिराणीत विचारतात, "अट काय शे?"

ती बिचारी म्हणते, "काही नाही नाना, सुकायला लागली आहे." तेव्हा कुठे त्यांना बरं वाटतं. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला हा माणूस 'फुकट' या शब्दावर जन्माचा रुसलेला आहे. मागे जळगावात एका साडीच्या दुकानावर 'दोनावर एक फुकट' अशी पाटी लागली होती. नानांनी मालकाला इतकं पिडलं की शेवटी त्याने पाटीच उतरवली.

पैजांच्या ॲप्सवर बंदी येण्याआधीची गोष्ट. एका ॲपने मला कळवलं की नाव नोंदवा, हजार भरा आणि वर हजार बोनस घ्या. मी काही जुगारी नाही. बोनस उचलायचा आणि निघून यायचं, इतका सोपा माझा बेत होता. तो मी नानांपुढे मोठ्या हुशारीने मांडला.

नानांनी चष्मा पुसला, माझा फोन घेतला आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं सगळं वाचत बसले. माझा चहा निवला.

"हे हजार तुम्हाला नुसते दिसतील, काढता येणार नाहीत," ते म्हणाले. "आधी दहा हजारांच्या पैजा लावा. त्याही सात दिवसांत. हमखास जिंकणाऱ्या संघावर लावली तर ती धरत नाहीत. भाऊ, पंगतीत पुरणपोळी वाढली, पण दहा घरची भांडी घासल्याशिवाय तोंडात घालायची नाही, असं शे हे."

"आणि घासली तर?"

"तोवर तुमचं ताट उचललेलं असतं."

मी गुपचूप फोन खिशात टाकला. पण नाना थांबतात कुठले! गल्लीत ज्याच्या त्याच्या फोनवर ते अटी वाचू लागले. ॲपच्या मदतकक्षाशीही वाद घालून झाला. तिकडून यंत्र उत्तरं पाठवायचं आणि नाना आम्हाला सांगायचे, "पोरगी बोलायला गोड शे, पण मुद्द्यावर येत नाही."

ॲपच्या अटींचं हे वेड कुठून आलं ते आखाजीला कळलं. आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी येऊन झोके घेतात आणि पुरुषमंडळी पत्ते कुटतात. आमचा डाव सणाच्या दोन दिवस आधीच नानांच्या ओसरीवर बसतो आणि नानांइतका हौशी खेळाडू दुसरा नाही. आम्ही सतरंजी घेऊन पोचलो, तर नाना दारातच आडवे आले.

"यंदा डाव नई."

आम्ही चिडलो. मी तर आवाजही चढवला. नाना पायरीवर बसले.

"धुळ्याचे जावईबापू अशाच बोनसपायी अडकले," ते म्हणाले. "पगार गेला, गाडी विकली. शरमेने गेल्या आखाजीला आले नाहीत, म्हणून माझी वंदनाही आली नाही. इथे पत्ते दिसले तर उंबऱ्यातूनच परत जातील."

मला नानांविषयी फार माया दाटून आली. त्यांनी आमच्यासमोरच लेकीला फोन लावला. तिचा आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू येत होता.

"ये वं बाई आखाजीले."

वंदना बापाच्याच सुरात म्हणाली, "अट काय शे, नाना?"

नानांनी चष्मा काढला.

"एकच शे. जावईबापूले संगे लई ये. कोनी काही इचारनार नई."

पलीकडे बराच वेळ कुजबुज चालली. मग पुरुषाचा आवाज आला, "उद्या सकाळच्या बसने निघतो, नाना."

नानांनी फोन ठेवला, आणि आम्ही सतरंजी गुंडाळून झोक्यासाठी दोर शोधायला लागलो.