दुडकीवरचे आबा

आबा सपकाळ माणसाचं तोंड बघायच्या आधी त्याच्या पोटऱ्या बघत.

माझ्या नणंदेला बघायला मुलगा आला, तेव्हा शेजारी म्हणून आबांनाही बोलावलं होतं. शिक्षण, नोकरी, पत्रिका सगळं विचारून झालं. माझ्या सासऱ्यांनी आदरानं विचारलं, "आबा, तुमचं काय मत?" आबांनी मुलाला फाटकापर्यंत चालून यायला सांगितलं. बिचारा चालून आला. आबा बराच वेळ गंभीरपणे बघत राहिले आणि म्हणाले, "मागचे पाय चांगले हायत. दम धरील."

लग्न झालं. मुलगा चांगला निघाला. पण आमच्या घरात आजही जावईबापूंच्या मागच्या पायांचा विषय निघाला की ते उठून गच्चीवर जातात.

शहराच्या कडेला असलेल्या सातारा परिसरात आम्ही राहायला आलो, तेव्हा शहर बीड बायपासच्या पलीकडंच थांबलेलं होतं. आमच्या गल्लीच्या पुढं थेट डोंगरापर्यंत मोकळं रान. आबांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. मूळचे सिल्लोडकडचे, बऱ्यापैकी जमीन असलेल्या घरातले. जमीन भाऊबंदांत वाटली गेली, आबांनी सरकारी कचेरीत नोकरी धरली आणि निवृत्त होऊन इथं घर बांधलं. वडिलोपार्जित म्हणावं असं त्यांच्याकडं एकच उरलं होतं, कारवानी या शिकारी जातीच्या कुत्र्यांचं वेड. त्यांच्या आजोबांकडं अशा कुत्र्यांची जोडी असायची. ससा उठला की सोडायची.

आबांचीही जोडी होती. वजीर आणि चांदणी. लांब तोंडाची, उंच पायांची, पोट पाठीला टेकलेली. कॉलनीत नवीन आलेल्या प्रत्येकाला वाटायचं, म्हातारा कुत्र्यांना उपाशी ठेवतो. कुणी ना कुणी बाई हळूच फाटकातून पोळी सरकवायची आणि आबा आतून ओरडायचे, "ओ ताई! पैलवानाला जिलेबी चारताव का?"

स्वतः आबा अंडंही खात नसत. शिकार तर त्यांनी जन्मात केली नव्हती. मी एकदा न राहवून विचारलं, "आबा, शिकारीला बंदी आहे. मग ही एवढी तयारी कशासाठी?"

"बंदी हाय म्हणून तर तयारीच करायची," आबा म्हणाले. "तेवढ्याला कुठं बंदी हाय?"

ही तयारी रोज पहाटे चाले. आबांनी जुन्या सायकलीच्या मागच्या बाजूला एक बांबूचा दांडा आडवा बांधला होता. त्याच्या टोकाला पट्ट्यांसाठी कडी. म्हणजे कुत्री चाकापासून हातभर लांब राहणार. गर्दीच्या जागी मात्र ते पट्टे कडीतून काढून मनगटाला गुंडाळत आणि सायकल हातात धरून चालत. निघण्याआधी खाली वाकून हाताची मागची बाजू डांबरावर टेकवून बघायचे, रस्ता तापलाय का ते. परत आल्यावर आठही पाय उचलून तळवे तपासायचे. पाणी लगेच नाही, थोड्या वेळानं, आणि तेही थोडं थोडं.

आणि पळवायचं नाही. हे महत्त्वाचं. सायकल अशा बेतानं चालवायची, की कुत्रं ना चालतंय ना पळतंय. दुडकी चाल. "पळायला काय बाई, घाबरलेलं डुक्कर पण पळतं. दुडकीवर टिकायचं म्हणजे दम पाहिजे."

ही दुडकी त्यांनी जगातल्या सगळ्या गोष्टींना लावली होती. मी शाळेत दहावीचे वर्ग घ्यायची. परीक्षा जवळ आली की आबा भिंतीवरून बजावायचे, "पोरांना पळवू नका बाई, दुडकीवर ठेवा." माझा कुकर भराभर शिट्ट्या करू लागला की पलीकडून आवाज यायचा, "आच कमी करा, दुडकीवर शिजू द्या." कॉलनीचे अध्यक्ष रक्तदाबानं दवाखान्यात पडले. आबा भेटायला गेले, डॉक्टरांसमोरच त्यांची पोटरी दाबून बघितली आणि म्हणाले, "ह्यांना कुणीतरी एकदम पळवलंय."

लोक हसायचे. हसण्यासारखी आणखी एक गोष्ट लोक सांगत, पण ती आबांच्या माघारी. म्हणे मुलीच्या लग्नाला आबा गेलेच नाहीत, कारण त्या दिवशी कुत्री व्यायली होती. आबांची बायको, आमच्या काकू, तेव्हा हयात होत्या, त्या एकट्या लग्नाला गेल्या. पुढं काकूही वारल्या आणि आबा त्या घरात कुत्र्यांसोबत राहिले. मुलगी कधी दिसली नाही. विचारायची कुणाची हिंमत नव्हती. "बाप आहे की कोण?" एवढं म्हणून लोक विषय बदलायचे. मीही त्यातलीच.

मग पाऊस रुसला. एक वर्ष नाही, लागोपाठ. बोअर आटले. कॉलनीत टँकर येऊ लागला आणि माणसं एकमेकांच्या ड्रमवर नजर ठेवू लागली. दुसरीकडं शहर मात्र वाढतच होतं. पाणी नसलेल्या रानात प्लॉट पडत होते, त्यांना नदी आणि सरोवरांची नावं होती. डोंगराकडची मातीची वाट एका बिल्डरच्या पत्र्याच्या भिंतीनं बंद झाली. आबांनी सायकल उलट्या दिशेला वळवली. पैठण रोड ओलांडून वाळूजच्या कारखान्यांच्या बाजूला.

"तिकडं तर नुसते ट्रक," मी म्हटलं.

"तिकडची माती मऊ हाय," आबा म्हणाले आणि दांड्याची गाठ उगाच आवळू लागले.

पाण्याच्या बैठकीत एकानं विषय काढलाच. माणसांना पाणी नाही आणि इथं कुत्री पोसली जातात. आबा उभे राहिले. "मी एका दिवसाआड अंघोळ करतो," ते म्हणाले. "ज्या दिवशी करत नाय, त्या दिवशी कुणी माझ्याजवळ बसू नका. पण कुत्र्यांच्या पाण्यावर बोलू नका." बैठक संपली.

त्या उन्हाळ्यातली एक सकाळ. टँकर नुकताच गेला होता. नळी गळाल्यामुळं कोपऱ्यातल्या मोकळ्या प्लॉटमध्ये पाण्याचं थारोळं साचलं होतं. मी फाटकात कळशी घेऊन उभी. आबा फेरीहून परतत होते, सायकल एका हातात, पट्टे दुसऱ्या मनगटाला. आणि त्या थारोळ्याशी मला काहीतरी मातकट हललेलं दिसलं.

ससा होता. डोंगराकडून आला असणार. कान पाडून पाणी पीत होता.

वजीर आणि चांदणी जागच्या जागी ताठ झाली. ज्यासाठी त्यांची रोजची मेहनत होती, ते आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर बसलेलं होतं. मग दोघांनी एकदम झेप घेतली. सायकल एकीकडं पडली, आबा दुसरीकडं. कुत्री त्यांना खडीवरून फरफटत नेत होती. मी ओरडले, "आबा, सोडा! पट्टे सोडा!" आबांनी दुसऱ्या हातानंही पट्टे धरले. ससा दचकून उडाला आणि बिल्डरच्या पत्र्याच्या भिंतीतल्या फटीतून पसार झाला. तेव्हा कुठं कुत्री थांबली आणि मागं वळून, शरमल्यासारखी, आबांचं तोंड चाटू लागली.

उजव्या खांद्याचं हाड मोडलं होतं. कोपर सोलून निघालं होतं. रिक्षात बसवताना मी रागानं म्हटलं, "सोडले असते तर काय झालं असतं?"

आबांना बोलवत नव्हतं. तरी म्हणाले, "पाण्याला आलेलं होतं बाई ते."

हात गळ्यात बांधून आबा घरी आले. आता कुत्र्यांना फिरवणार कोण, हा त्यांना खांद्याहून मोठा प्रश्न. मला शाळेत असल्यापासून सायकल येत होती. मी कबूल झाले. पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून मी निघाले, तेव्हा कॉलनीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. आबांनी ओसरीवरच्या खाटेवरून माझ्या पोटऱ्या बघितल्या आणि काही बोलले नाहीत. तेवढं सौजन्य त्यांनी दाखवलं.

फक्त एक सूचना केली, आणि पुन्हा पुन्हा केली. "पैठण रोडपर्यंतच जायचं. ओलांडायचा नाय. तिथनं माघारी."

सुरुवातीचे काही दिवस मी जमवलं. पण पैठण रोड आला की दोन्ही कुत्री पलीकडं ओढायची. माघारी वळवताना माझे हात दुखून यायचे. मग एका सकाळी ती जिंकली. वजीरनं एकदा माझ्याकडं वळून बघितलं आणि रस्ता मोकळा दिसताच दोघं दुडकीनं निघाली, मी नुसती सायकलीवर बसलेली. शेतं संपली, कारखान्यांच्या भिंती लागल्या, मग बजाजनगरची कामगारांची छोटी छोटी घरं. एका गल्लीत निळ्या फाटकासमोर दोघं आपणहून बसली. जणू रोजचंच ठिकाण.

फाटक उघडलं. तिशीपस्तिशीची एक बाई पाण्याचं पातेलं घेऊन बाहेर आली. कुत्र्यांकडं बघून हसली, सायकलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. पातेलं तिनं खाली ठेवलं.

"आबा कुठंयत?"

कपाळ, नाक, भुवया, सगळं आबांचंच. काही सांगावं लागलं नाही. मी घाईनं म्हटलं, "बरे आहेत. पडले जरा. हात मोडलाय, पण बरे आहेत."

ती तिथंच पायरीवर बसली. संगीता. तिनं स्वतःच्या पसंतीनं, जातीबाहेर लग्न केलेलं. नवरा इथंच कंपनीत. "लग्नाला आले नाहीत," ती म्हणाली. "आईनं येऊन सांगितलं, कुत्री व्यायलीय. आमच्याकडं तेव्हा व्यायला कुत्रीच नव्हती, नुसता एक कुत्रा होता."

मला हसू आलं नाही.

"आई गेल्यावर एका सकाळी समोर उभे दिसले," ती सांगू लागली. "सायकलीची चेन बसवत होते. चेन पडलेलीच नव्हती. कुत्री धापा टाकत होती म्हणून मी पाणी आणलं. माझ्याशी बोलले नाहीत. चांदणीला म्हणले, पी गं, तिनं आणलंय तर पी. तवापासून रोज येतात."

"आणि बोलत नाहीत?"

"बोलतो ना आम्ही. कुत्र्यांशी." तिनं वजीरच्या डोक्यावर हात ठेवला. "मी म्हणते, वजीर, तुझ्या मालकानं रक्तदाबाची गोळी घेतली का रे? ते म्हणतात, वजीर, सांग तिला, घेतली. मी म्हणते, चांदणी, म्हणावं आत या, चहा टाकते. ते म्हणतात, चांदणी, उन्हं व्हायलीत, चल." ती हसत होती आणि पदरानं तोंड पुसत होती. "आमच्याकडं पण पाणी कमीच असतं. पण ह्यांचं पातेलं मी भरूनच ठेवते. नायतर ते थांबणार कशाला?"

घरी आल्यावर आबांनी आठही तळवे डाव्या हातानं तपासले. तळव्यांना कारखान्याजवळची काळी माती होती. त्यांनी ती बोटांनी चोळून बघितली, माझ्याकडं बघितलं नाही, आणि "लई लांब नेलंत," एवढंच म्हणाले.

रविवारी दुपारी संगीता आली. स्कूटी फाटकाशी लावून, डबा घेऊन उभी राहिली. आबा ओसरीवर खाटेवर बसलेले, कुत्री पायाशी. मी त्यांच्या जखमेची पट्टी बदलत होते. कुत्री शेपट्या हलवत तिच्याकडं धावली. आबांनी वर बघितलं आणि लगेच खाली.

संगीता पायरीवर थांबली. म्हणाली, "वजीर, विचार त्यांना, लई दुखतंय का."

आबांचे ओठ हलले. "वजीर, सांग तिला..." आणि पुढचं काही आलंच नाही.

मी उठले. खिळ्यावरचे पट्टे काढून दोघांच्या गळ्यात अडकवले. "यांना जरा फिरवून आणते."

"आत्ता?" आबा एकदम घाबरले. "ऊन हाय बाई. डांबर तापलंय. पाय भाजतील त्यांचे."

"कडेच्या मातीवरून नेते," मी म्हटलं आणि निघाले.

लांब गेलेच नाही. गल्लीच्या तोंडाशी लिंबाच्या सावलीत दोघांना घेऊन बसले. तिथून ओसरी दिसत होती, ऐकू काही येत नव्हतं. आबा खाटेवर, ती पायरीवर, दोघांची नजर फरशीवर. मग संगीता वर गेली, खाटेच्या कडेला बसली आणि डबा उघडला. आबांचा उजवा हात बांधलेला. तिनं भाकर कुस्करली, घास केला आणि पुढं धरला. आबांनी तोंड वळवलं नाही. घास घेतला, हळूहळू चावला आणि मग तिच्याकडं बघून काहीतरी बोलले. बरंच काही बोलत होते. ती मान हलवत होती.

चांदणीला पाण्याची आठवण झाली असावी. ती उठली आणि घराकडं ओढू लागली. मी पट्टा धरून ठेवला.

"थांब गं जरा," मी म्हटलं.