फार चांगला ठेवीदार

काकूंना पहिला संशय आला तो चष्मेवाल्यांनी आपल्या घोडीची लीद स्वतः उचलून घमेल्यात टाकली तेव्हा.

"बघितलंत?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून वळून त्या काकांना म्हणाल्या. "खराटा मारला, घमेलं धुतलं, वर फाटकाची कडीसुद्धा लावली."

"मग चांगलंच आहे की," काका वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले.

"तेच म्हणतेय मी. इतकं चांगलं का?"

काकूंचा स्वभावच तसा. दुधावर साय जाड आली, तरी गवळ्याच्या मनात काय आहे याचा त्या दिवसभर विचार करायच्या. पण या वेळी संशयाला कारण होतं. घरामागे त्यांची लहानशी पागा होती. लोक आपले घोडे तिथे ठेवत. चारापाणी आणि साफसफाई काका-काकूंनी बघायची, मालकांनी सवडीने येऊन रपेट मारायची. काका या लोकांना 'ठेवीदार' म्हणत. मग पुलापलीकडे एक भलीमोठी पागा निघाली आणि काकूंचे ठेवीदार एकेक करून पूल ओलांडून गेले. कोणी 'जागा लांब पडते' म्हणालं, कोणी काहीच न बोलता खोगीर उचललं. उरले दोघं: एका गुबगुबीत तट्टाची मालकीण डॉक्टरीणबाई आणि म्हाताऱ्या पांढऱ्या घोड्याचे मालक, गाण्याचे मास्तर. या दोघांवर काकूंचा फार जीव. म्हणजे संशय जरा कमी.

अशात बाजारातले चष्म्याचे दुकानदार तांबडी घोडी घेऊन आले, आणि तेही पुलापलीकडच्या पागेतून!

"ती का सोडलीत?" काकूंनी विचारलं होतं.

"नाही जमलं," चष्मेवाले हसून म्हणाले होते.

हसून! काकूंच्या मते खरं बोलणारा माणूस असा हसत नाही.

त्यानंतर त्या डोळ्यांत तेल घालून बसल्या. चष्मेवाले मास्तरांना विचारत होते, "इथे समाधानी आहात ना?" डॉक्टरीणबाईंना विचारत होते, "गवत नेहमीच असं ताजं असतं?" आणि एके दिवशी तर घोडा बांधायच्या एका रिकाम्या ठाणाच्या दाराला फीत लावून उंची मोजत होते.

"अहो, दाराचं माप घेतोय तो!"

"घेऊ दे. दार काय खिशात घालून नेणार आहे?"

"तुम्हाला काही कळत नाही. त्याला पलीकडच्यांनी पाठवलंय. आपले उरलेसुरले दोघं फोडायला!"

मग काकूंनी तांबड्या घोडीसमोरच बैठक मारली. चष्मेवाले खरारा करायला आले की काकू समोर पाट टाकून मटार सोलायला बसत. ते घोडीचा खूर उचलत, तर काकूंची मान वाकडी होई. ते घोडीच्या कानात काही पुटपुटले, की काकू 'काय म्हणालात?' म्हणून उठत. त्या दिवसांत काकांना जेवणात मटाराखेरीज दुसरं काही मिळालं नाही.

तरी पुरावा सापडेना. शेवटी काकूंनी सापळा लावला.

"कोणाला सांगू नका हं," त्या चष्मेवाल्यांना हळूच म्हणाल्या. "आम्ही प्रत्येक ठाणात आरसा लावणार आहोत. घोड्याला वाटतं समोर दुसरा घोडा खातोय, मग तो इरेला पडून खातो."

"वा!" चष्मेवाले म्हणाले. "काचेच्या धंद्यात असून मला हे सुचलं नव्हतं."

थाप अशी बेमालूम बसली की काकूंनी रात्री ती कौतुकाने काकांनाही ऐकवली. आता पुलापलीकडे आरसे लागले की चोर सापडला!

आणि आरसे लागले. ही बातमी डॉक्टरीणबाई आणि मास्तर यांनीच आणली. दोघं फाटकाशी चुळबुळत उभे होते.

"काकू, राग मानू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तिकडे प्रत्येक ठाणात आरसा बसवलाय. आमच्या तट्टाला एकटेपणा फार जाणवतो हो. आम्ही तिकडे जायचं ठरवलंय."

"अहो, पण ती मी मारलेली थाप आहे!" काकू किंचाळल्या.

"थाप कशी असेल?" मास्तर म्हणाले. "मी बघून आलो. घोडे नुसते तुटून पडतायत चंदीवर."

तेवढ्यात चष्मेवाले घोडीला पाणी दाखवून येत होते. काकू त्यांच्यावर धावल्याच. "तुम्ही! तुम्हालाच फक्त सांगितलं होतं मी! सगळी पागा फोडलीत माझी!"

चष्मेवाल्यांनी बादली खाली ठेवली. "मी? कुणाला?"

मागून काका खाकरले.

"अगं, मागच्या आठवड्यात नालबंद आला होता ना नाल ठोकायला... त्याला सहज बोललो. इतकी छान कल्पना! तो तिकडेही जातो, हे माझ्या लक्षातच आलं नाही."

काकू मटकन पाटावर बसल्या. डॉक्टरीणबाई आणि मास्तर तट्टू-घोडा घेऊन निघून गेले. काकूंना वर बघायचा धीर होईना.

"म्हणजे मटार सोलताना तुम्ही माझ्यावर नजर ठेवत होता?" चष्मेवाल्यांनी विचारलं. "मला वाटलं, घोडीवर."

"चुकलं माझं," काकू पुटपुटल्या. "तुम्हीही जा आता."

"मी कशाला जाऊ? तिकडे माझी घोडी लंगडत होती आणि कोणाला पत्ता नव्हता. इथे तिने कान हलवला तरी तुम्ही उठून बघता. संशय माझ्यावर असेना का, नजर तर तिच्यावरच पडते ना?" ते जरा घुटमळले. "माझ्या मेहुणीला तिचा घोडा ठेवायला जागा हवीय. घोडा उंच आहे, म्हणून दार मोजून ठेवलं होतं. पण ती फार चौकस आहे. तुम्हाला त्रास होईल."

मेहुणीबाई दुसऱ्याच दिवशी आल्या. नमस्कार-चमत्कार नाही. आधी हौदातलं पाणी हुंगलं. चंदीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातले दाणे वर काढले. ठाणातला पेंढा पायाने उकरला.

"रोज इतकं स्वच्छ असतं, की मी येणार म्हणून झाडलंत?"

"रोज," काकू म्हणाल्या.

"हं. मग इतकी चांगली पागा रिकामी कशी?"

काका घाबरून दाराआड सरकले.

"आमचे भावजी तुमचं फार कौतुक करतात," मेहुणीबाई डोळे बारीक करून म्हणाल्या. "तेव्हाच म्हटलं, काहीतरी गडबड असणार. मी रोज येणार, अधूनमधून न सांगताही येणार. चालेल?"

काकूंच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांत असं समाधान कोणी पाहिलं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हाताने मेहुणीबाईंना बसायला पाट दिला आणि दाराआड बघून हाक मारली.

"अहो, चहा टाका चांगला. माणूस भरवशाचं आहे!"