शेणाचा पेंद्या

पाडव्याच्या सकाळी रखमाजी तोंड धुवायला अंगणात आला आणि दारातच त्याला आपले व्याही बसलेले दिसले. शेणाचे होते, वीतभर उंचीचे होते, पण व्याहीच होते. एक गुडघा उभा, त्यावर हात टाकलेला, मान उजव्या खांद्याकडे कललेली. कुणी काही मागायच्या आतच नाही म्हणून मोकळं व्हावं, अशी बैठक. डोक्यावर झेंडूच्या फुलाचा फेटा होता आणि फेट्याखालून दोन्ही कान ऐसपैस बाहेर आले होते. रखमाजीनं चूळ भरली होती, ती तोंडातच राहिली.

दिवाळीत त्या मुलखातल्या बाया अंगणात शेणाचं गोकुळ मांडतात. गवळणी, गाई, जातं, चूल, पाळणा, सगळा संसार बोटभर उंचीचा. गोकुळाच्या वेशीत कृष्णाचा भोळा गडी पेंद्या बसवायचा. ज्वारीच्या दाण्यांचे डोळे, फुलांची पागोटी, वर हळदकुंकू. मायलेकींनी मिळून गप्पा मारत करायचं हे काम, आणि त्यातून कधी कुणाचं काही बिघडल्याचं वाडीत कुणी ऐकलं नव्हतं. यंदा रखमाजीच्या दारचं गोकुळ त्याच्या लेकीनं, सिंधूनं, मांडलं होतं. वैशाखात लग्न होऊन गेलेली पोरगी पहिल्यांदाच माहेरी आलेली, म्हणून हौसेनं तिनं पेंद्या चांगला मोठा केला होता. रखमाजी रात्रभर शेतात मेंढरांपाशी होता. त्यामुळे त्याला तो आत्ता दिसत होता.

चूळ टाकून त्यानं हाक मारली, "सिंधू! ह्यो कोण हाये?"

"पेंद्या हाये की," सिंधू दारातून म्हणाली.

"नीट बघ."

सिंधूनं नीट बघितलं आणि पदर तोंडाला लावला. मागून तिची आई सत्यभामाबाई आली. तिनंही बघितलं आणि ती मटकन ओट्यावर बसली.

"अगं बाई! हे तर नामाजी व्याही!"

"म्या मुद्दाम न्हाई केलं," सिंधू रडवेली झाली. "रोज सकाळी उठून त्यांच्या पाया पडते. ते अस्सेच बसलेले ऱ्हातात दारात. शेण हातात घेतलं अन् बोटं आपोआप तिकडंच गेली, बाबा."

दुसऱ्या कुणाचे व्याही असते तर हसून सोडून देता आलं असतं. पण लग्नातला फेटा अजून कुणी विसरलं नव्हतं. व्याह्यांना बांधायला रखमाजीनं आणलेला फेटा ऐन वेळी आखूड निघाला. दोन वेढे घेतले की कापड संपायचं आणि कान बाहेर राहायचे. वऱ्हाडातली पोरं फिदीफिदी हसली. तेव्हा 'चुकलं' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण रखमाजीची मान जन्मापासून ताठ. "फेटा बराबर हाये, व्याह्याचं डोकंच मोठं हाये," असं तो भर मांडवात बोलून गेला. नामाजी उरलेलं लग्न एक गुडघा उभा करून, मान वाकडी करून बसून राहिला आणि जेवला नाही.

तेव्हापासून नामाजी या दारी फिरकला नव्हता. पंचमीला त्यानं सून माहेरी धाडली नाही, महालक्ष्म्यांना धाडली नाही. दिवाळीला धाडली ती शेजारणीच्या सोबतीनं आणि निरोपासकट. जावई मेंढरं घेऊन लांब तळावर गेलाय, त्याला सणाला येणं व्हायचं नाही. पाडव्याला दुपारी आपण स्वतः येऊ आणि संध्याकाळच्या गाडीनं सुनेला परत नेऊ. म्हणजे दुसऱ्या दिवशीची भाऊबीजसुद्धा नाही. सिंधूचा भाऊ सोनाजी वसमतला कामाला होता आणि तो यायचा होता नेमका भाऊबिजेला. व्याह्यांपुढे हात जोडून एवढा एक दिवस मागून घ्यायचा, असं सत्यभामाबाईनं मनाशी धरलं होतं. आता व्याही येणार, दारातच स्वतःला शेणाचा झालेला बघणार, आणि मग एक दिवस कसला, पोरीचं माहेर कायमचं तुटणार.

"मोडून टाकतो आत्ताच्या आत्ता," म्हणत रखमाजी पुढं सरसावला.

सत्यभामाबाई आडवी झाली. "खबरदार! काल हळदकुंकू वाहिलंय, दिवा दावलाय. भाऊबीज झाल्याबिगर गोकुळ मोडत न्हाईत. मोडलं तर ते भावावर येतं. माह्या सोन्याला काही झालं म्हंजे?"

"मग वरून टोपली झाक."

"देवाच्या गड्याला कोंबडीवानी झाकता?"

"मग व्याह्याला मागच्या दारानं आणू."

"लग्नानंतर पहिल्यांदा माणूस दारी येऊन राहिला, अन् त्याला मागच्या दारानं आणता? त्यापरीस तो फेटाच दावा ना पुन्हा."

रखमाजीनं अंगणाला दोन चकरा मारल्या आणि पेंद्याकडे पाठ करून उभा राहिला. मग एकदम वळून म्हणाला, "तोडायचं न्हाई म्हणतेस. जोडलं तर चालतं का?"

सत्यभामाबाईनं विचार केला. जोडायला मनाई आहे असं तिच्या सासूनं कधी सांगितलं नव्हतं. "जोडा," ती म्हणाली.

रखमाजीनं आयुष्यात मेंढरं राखली होती, कातरली होती, विकली होती. मूर्ती घडवायला तो पहिल्यांदाच बसत होता. खरी अडचण कानांची, हे त्यानं हेरलं. परडीतले चार झेंडू घेऊन त्यानं फेटा वाढवला. फुलं दवानं ओली आणि जड होती. ती घसरली आणि दोन्ही कानांवर येऊन अडकली. आता बिचाऱ्यानं आखूड फेटा कानांनी तोलून धरलाय, असं दिसायला लागलं. लग्नातल्यापेक्षाही हे वाईट होतं. फुलं आत खोचायला काडी हवी म्हणून रखमाजी चुलीपाशी गेला, तेवढ्यात मागं सिंधू ओरडली, "हाड हाड! बाबा, शेळी!"

तो धावत आला तोवर शेळीनं पेंद्याचा फेटा खाल्ला होता, परडीतले उरलेले झेंडू खाल्ले होते, आणि आता ती शांतपणे रवंथ करत उभी होती. शेळीला दोन शिव्या देऊन भागण्यासारखं नव्हतं. पेंद्याचं डोकं चाटूनपुसून गुळगुळीत झालं होतं आणि मोकळे झालेले कान आधीपेक्षा मोठे वाटत होते.

"आता ह्याला डोक्यावर काहीतरी पायजे," रखमाजी म्हणाला. आपल्या जुन्या घोंगडीचा तळहाताएवढा तुकडा त्यानं कातरला आणि त्याची खोळ करून पेंद्याच्या डोक्यावर घातली. कान गेले. रखमाजीला हुरूप आला.

"तोंडाचं काय करता?" सत्यभामाबाईनं विचारलं. "तोंड त्यांचंच हाये."

"व्याह्याला मिशी हाये का?"

"न्हाई."

"मग झालं तर!" म्हणून त्यानं काळ्या मेंढीची लोकर आणली, चिमटीत वळून तिची झुपकेदार मिशी केली, टोकं वर फिरवली आणि ओल्या शेणात दाबली. हात मोकळा दिसतो म्हणून हातात काडीची काठी दिली. मग चार पावलं मागं सरून, डोळे बारीक करून बघितलं. नामाजी गेला होता. वेशीत आता कुणीतरी दुसराच माणूस बसला होता. कोण ते रखमाजीला सुचलं नाही, पण माणूस मानी दिसत होता आणि भल्या घरचा वाटत होता, हे त्याला पटलं.

सत्यभामाबाईनं पेंद्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि ती पुरण वाटायला आत गेली.

दुपारी नामाजी वारंगा फाट्यावर उतरून पायी आला. जवळा बाजारच्या आठवडी बाजारातून त्यानं नवाकोरा फेटा घेतला होता आणि तो अख्खा डोक्याला गुंडाळला होता. कान तर कान, अर्ध्या भुवयाही त्यात गेल्या होत्या. ऊन होतं म्हणून रखमाजी टकलावर घोंगडीची खोळ घेऊन, काठी टेकत सामोरा गेला.

"राम राम, व्याही."

"राम राम," नामाजी म्हणाला. सिंधूनं पायावर पाणी घातलं, पाया पडली. नामाजी दाराकडे वळला आणि गोकुळापाशी थबकला.

नामाजी वाकला. त्यानं पेंद्याला बघितलं, मग मान वर करून रखमाजीला बघितलं, मग पुन्हा पेंद्याला.

"व्याही," नामाजी हसत म्हणाला, "हे तर बराबर तुमीच!"

"म्या?"

"तर काय! मिशी तुमची, खोळ तुमची, काठी तुमची. अन् बसणं बघा ना. कोणी काही मागायच्या आधीच न्हाई म्हणून बसल्यावानी! एवढं हुबेहूब कोणी केलं?"

रखमाजीनं खोळ डोक्यावरून काढली, मग टक्कल आठवून पुन्हा घातली.

"म्या," सिंधू अगदी हळू म्हणाली.

नामाजी हसत होता तो थांबला. सुनेकडे तो बराच वेळ बघत राहिला, जणू ती त्याला आज पहिल्यांदाच दिसत होती. मग ओट्यावर बसत तो म्हणाला, "व्याही, आमच्या घरी ही पोरगी बोलत न्हाई. सांगितलं ते काम करती. म्या घरात म्हणायचो, हिला माहेराची याद येत न्हाई, मग धाडायचं काहून? अन् हितं बघा. बापाचं तोंड मनात घिऊन नांदत होतं लेकरू, अन् आमाला पत्ता न्हाई." त्यानं नव्या फेट्याच्या शेवानं डोळे पुसले. शेव लांब होता, दोन्ही डोळ्यांना पुरला.

खरं काय ते रखमाजीला ठाऊक होतं. ते सांगायची सोय नव्हती आणि गप्प राहून त्या माणसाचे अश्रू घेणंही त्याला जड जाऊ लागलं. आपल्या लेकीच्या मनात सासऱ्याचं तोंड होतं, आणि सासरा तिच्या माहेराच्या मायेनं रडत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याची मान खाली गेली.

"व्याही," तो म्हणाला, "त्या दिवशी फेटाच आखूड होता. डोकं बराबर होतं. माझं चुकलं."

आत वरवंट्याचा आवाज थांबला. सत्यभामाबाई पुरणाच्या हातांनी तशीच दारात येऊन उभी राहिली.

नामाजीनं फेट्याचा शेव बोटाला गुंडाळला. मग म्हणाला, "लई आखूड होता."

"व्हय."

"कान बाहेर राहिले होते."

"दोन्ही," रखमाजीनं कबूल केलं.

नामाजीनं सुस्कारा सोडला आणि फेटा उतरवून मांडीवर ठेवला. त्याचे कान मोकळे झाले. सत्यभामाबाईनं पदर सावरला, हात जोडले, पण तिनं तोंड उघडायच्या आत नामाजीच म्हणाला, "आज न्हाई नेत पोरीला. सोनाजी येऊ द्या, भाऊबीज होऊ द्या. मी बी ऱ्हातो. अन् हितून पुढं दरसाल दिवाळीला धाडतो. पर एक अट हाये."

सगळ्यांचे चेहरे पुन्हा उतरले.

"पोरी, पुढल्या साली वसुबारसेला तू आमच्या दारी गोकुळ मांड. त्यात माझा बी एक पेंद्या कर. गावानं बघून म्हणलं पायजे, नामाजीच बसलाय. मग पाडव्याला म्या स्वतः तुला हितं आणून सोडतो." एवढं बोलून त्याला जरा संकोच वाटला. कान चोळत तो म्हणाला, "पर बापाचं केलंस तसं माझं कुठून जमंल तुला? माझं तोंड काही तू एवढं बघितलं नसंल."

रखमाजीला जोराचा ठसका लागला. सत्यभामाबाई पाणी आणायला आत पळाली.

"जमंल, मामा," डोईवरचा पदर पुढं ओढत सिंधू म्हणाली. "हात बसलाय."