नामाकाकांची जेवणाची वही

नामाकाका कुणाला नमस्कार करायचे नाहीत. डाव्या पायाचा अंगठा दाखवायचे. "आज सायबाचा मूड बरा हाय!" साहेब म्हणजे हा अंगठा. गाऊटच्या सांधेदुखीने तो टोमॅटोसारखा लाल झाला, की काका एका पायात चप्पल आणि दुसरा पाय उघडा अशा थाटात बाळकुम गावभर मिरवायचे.

१९९०च्या सुमारास ठाण्याच्या एका इस्पितळात गाऊटच्या नव्या औषधाची चाचणी सुरू झाली. काकांनी सही ठोकली आणि गावभर सांगत सुटले, "माज्यावर संशोदन चाललंय!" गोळ्या घ्यायच्या, दर मंगळवारी रक्त द्यायचं आणि रोज काय खाल्लं ते वहीत मांडायचं. लिहायला शेजारी मी होतोच, शाळामास्तर.

"लिव मास्तर. कोलंबीचं कालवण. जवल्याची चटणी. तांदलाची भाकरी."

"काका, मासळी बंद सांगितलीय ना?"

"तू लिव रं."

मी चडफडत लिहायचो. मिठागरात राबून म्हातारा झाला, पण माणसाची जीभ काही आवरत नाही, असंच मला वाटायचं.

महिन्याभराने चाचणीच्या डॉक्टरीणबाईंनी वही वाचून मिटली. एवढी मासळी खाऊन रक्त इतकं चांगलं कसं येतं? वहीच खोटी असेल तर औषधाचा गुण कळायचा कसा? "काका, असं चाललं तर तुमचं नाव काढावं लागेल." काकांचं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी वहीतलं खरं-खोटं पाहायला काकांच्या घरी धडकलो. ताटात पेज होती आणि मीठ.

"कोलंबी कुठाय?"

"तुजी काकी गेली तवापासून हीच. वहीत लिवलं ते ती करायची, त्या त्या वाराला."

"मग खोटं कशाला सांगितलंत?"

"दर मंगलवारी ती डाक्टरीण पोरगी इचारते, काका, काय जेवलात? घरान कोन इचारतंय मना? पेज बोललो तर फुडं काय इचारनार ती?"

मला माझीच लाज वाटली. रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून लिहीत होतो, पण जेवलात का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

मंगळवारी मी सोबत गेलो आणि सगळं सांगितलं. बाईंनी मागची पानं बाद केली, नव्या पानावर 'पेज' लिहिलं. नाव राहणार की जाणार, ते मोठ्या डॉक्टरांच्या हातात होतं. मग पेन खाली ठेवून बाईंनी विचारलं, "काका, काकू कोलंबीत काय घालायच्या?"

"कैरी," काका म्हणाले. आणि त्यांनी खुर्ची बाईंच्या टेबलाजवळ ओढली.